पातळाची गोष्ट

आधीच सांगून टाकते, हे पातळ म्हणजे साडी नव्हे. साडीला आमच्याकडे लुगडंच म्हणतात, मग ते तिरुभुवनम्‌चं भरजरी रेशीम असो की घरात नेसायचं सुती. आमच्या कुंभकोणमच्या घरात पातळ म्हणजे पाणी घातलेलं. दूध पातळ, कॉफी पातळ, आणि तसली कॉफी पाहुण्यापुढे ठेवणारी बाईसुद्धा जराशी पातळच. या गावात खून एक वेळ माफ होईल, पण दुधात पाणी माफ होत नाही. हॉटेलांच्या दारावर 'डिग्री कॉफी'च्या पाट्या असतात त्या उगाच नव्हेत. दूध त्यातलं पाणी पकडणारं मापक बुडवून पारखून घेतलेलं आहे, असं तिथे छातीठोकपणे सांगितलेलं असतं.

ही पातळाची गोष्ट मी गेली आठ-नऊ वर्षं लोकांना सांगत आले आहे. महाराष्ट्रातून कुणी पाहुणे आले की हमखास सांगते. तीनशे वर्षांपूर्वी या तमिळ मुलखात येऊन राहिलेल्या आमच्या घराण्यांची मराठी ऐकून त्यांना आधीच गंमत वाटत असते, त्यात ही गोष्ट म्हणजे दुधात साखर. लोक हसतात, मीही हसते. आज ती पहिल्यांदाच पूर्ण सांगते आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी जन्मली तीच हृदयात भोक घेऊन. नुसतं भोक नव्हे, फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाटही अरुंद होती. धावली की ओठ जांभळे व्हायचे, मग ती आपणहून उकिडवी बसायची आणि श्वास जमला की परत उठायची. तिला ते खेळाचाच भाग वाटायचं. लहानपणी एक छोटं ऑपरेशन झालं, आणि मोठं ऑपरेशन सातव्या वर्षी चेन्नईला. तेव्हा तिचं वजन पंधरा किलो. सात वर्षांच्या मुलीचं. शेजारची चार वर्षांची पोरगी तिच्याहून जड होती.

मी लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिले. चाळीस वर्षं घरात हिंदीच्या शिकवण्या घेतल्या. त्यामुळे घरात देवनागरी वाचता-लिहिता येणारी मी एकटी. भाऊ, भावजय, भाची सगळे घरात मराठी बोलतात, पण वाचतात तमिळ. मी मात्र पुण्याहून टपालाने मासिकं मागवून मराठी वाचत आले, आणि त्याचा मला ताठा होता. होता म्हणजे आहे. आता हे लिहिते आहे ती मराठीही त्याच मासिकांतून उचललेली. घरात अशी बोलले तर भाऊ विचारेल, अक्का, तब्येत बरी आहे कां?

चेन्नईच्या इस्पितळात एक नर्स सातारकडची निघाली. वॉर्डात मी भाचीला म्हणत होते, "लेंकरा, अस्कें खाऊन टाक बघूं," सगळं संपव म्हणून, आणि पाठमोरी असलेली ती नर्स गर्रकन वळली. "अय्या, तुम्ही मराठी?" मग काय विचारता! रोज येऊन आमच्याशी बोलायची. आमचं बोलणं ऐकून म्हणायची, किती गोड हो, अगदी जुन्या पोथीतल्यासारखं. भावजय लाजून हसायची. मला मात्र ते पोथीतलं होणं झोंबलं. मी तिच्याशी मासिकातली मराठी बोलू लागले, 'मज'चं 'मला' केलं, 'मणालें'चं 'म्हणाले' केलं. तिचं बोलणं भरभर असायचं, शेपटं गिळलेलं. निम्मं मला कळत नसे. पण परत विचारायचं म्हणजे आपण पोथीतले हे कबूल करायचं, म्हणून मी मान डोलवत असे.

ऑपरेशन चांगलं झालं. ओठ गुलाबी झाले ते पाहून भाऊ कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून रडला. दोन आठवड्यांनी घरी सोडताना नर्सने सूचनांचा इंग्रजी कागद दिला आणि सगळं समजावलं. छातीचं हाड जुळायला वेळ लागतो, तोवर तिला काखेत हात घालून उचलायचं नाही, पाठीखाली आणि मांडीखाली हात घालून उचलायचं. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरायला सांगायची. औषधं वेळेवर. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन. "आणि ताई, पातळ सगळं मोजून हं. दिवसाला आठशेच्या वर जाऊ द्यायचं नाही."

मी मान डोलवली. सगळं माझ्या वहीत देवनागरीत उतरवून घेतलं होतं. गाडीत बसल्यावर वही काढून, आठवून, नीट सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिलं. 'पातळ — मोजून.' आणि त्याच्याखाली, 'घट्ट — कितीही.'

दुसरी ओळ मला कुणीही सांगितली नव्हती.

पण मला ती इतकी उघड वाटली! पोर पंधरा किलोची. तिला पाणचट काही देऊन पोट भरवू नये, कसदार द्यावं, एवढं कळायला का डॉक्टर लागतो? घरी आल्याबरोबर स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. दूधवाल्याला सांगितलं, पाण्याचा एक थेंब दिसला तर उंबऱ्याच्या आत येऊ नकोस. सकाळी आटवलेलं दूध, दहा वाजता नाचणीची कांजी, दुपारी दाट ताक, चारला पुन्हा दूध, रात्री पायस. पाणी मात्र काटेकोर. शंभर मिलीचा स्टीलचा टंबलर होता, दिवसाला आठ टंबलर, एक जास्त नाही. प्यायली की वहीत रेघ. वही कशी देखणी होती ती.

तिसऱ्या दिवशी भावजय माझ्यामागे स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. ती कमी बोलते. आमच्या घरात आल्यापासून तिला बोलायची संधी मी फारशी दिलेली नाही, हेही एक. ती म्हणाली, "अक्का, निघतांना तमिळ सिस्टर मज मणाली, दूध, ताक, कापी, कांजी, अस्कें मिळून आठशें. पाणी एकलें न्हवे."

मी दूध ढवळत होते. मागे वळलेसुद्धा नाही.

"दूध मणजे पाणी कां? तुझ्या माहेरीं असेल."

दारात भाची उशी पोटाशी धरून बसली होती. भावजयीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पाठीकडे पाहिलं असावं. "न्हवे अक्का, त्या कागदावरही फ्लुइड मणून—"

"कागद मी वाचला आहे. आणि त्या मराठी सिस्टरनें मज मराठींत सांगितलें आहे. तुज जास्ती कळतें कां?"

"सरि, अक्का," ती तमिळमध्ये 'बरं' म्हणाली आणि गेली.

माझी सांगायची गोष्ट जी आहे ना, तिच्यात हा प्रसंग नाही.

कागद मी खरंच वाचला होता. फ्लुइड हा शब्दही वाचला होता. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्यापुढे तर एकाच गोष्टीसाठी तीन भाषांत तीन शब्द पडले होते, आणि त्यांतला मला सोयीचा तेवढा मी उचलला.

वजन वाढू लागलं. पंधरा-दोन, पंधरा-पाच, पंधरा-नऊ. सात वर्षांत ज्या पोरीचा काटा हलला नव्हता तो आठवड्यात सरकायला लागला. मी प्रत्येक आकड्यापुढे 'बरें' असं लिहायची. सोळा झाले त्या दिवशी 'फार बरें' लिहिलं. समोरच्या मामी येऊन म्हणाल्या, पोरीला गाल आले की! मी लगेच मीठ-मिरच्या घेऊन तिच्यावरून ओवाळल्या, मामींची दृष्ट लागायला नको म्हणून. भाची दुपारची झोपायची नाही, उशीला टेकून बसायची. आडवं झालं की दम लागतो म्हणाली. मी म्हटलं, पोट भरलेलं आहे राणी, सवय नाही तुला. जेवायला नको म्हणायची तर मी टंबलर घेऊन उभी राहायची. ती माझ्याकडे बघायची, मग आईकडे, आणि प्यायची. शहाणी पोर, असं मी चारचौघांत सांगत होते.

शनिवारी दुपारी इस्पितळातून फोन यायचा ठरलेला होता. फोनवर तीच सातारची नर्स. मी पदर सावरून बसले, फोनवर पदर कुणाला दिसतो? "कसं आहे आमचं बाळ? वजन?"

"वाढलं!" मी म्हटलं. "उत्तम वाढलं. सोळा किलो सहाशे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"ताई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. "तिच्या पायावर, नडगीवर, बोटाने दाबा. आत्ता. मी थांबते."

मी दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. कणीक मळताना बोट रुतावं तसा. भाची वाकून पाहत होती. तिला गंमत वाटली, तिने शेजारी स्वतःच्या बोटाने दुसरा खळगा केला.

ती वाढ नव्हती, ते पाणी होतं. गालांतही पाणी, पायांतही पाणी, आणि फुप्फुसांच्या भोवतीही पाणी. पोरीच्या नव्याने शिवलेल्या हृदयाला जेवढं झेपत होतं त्याच्या दुप्पट मी घट्ट, कसदार, मापक बुडवून पारखलेलं तिच्यात ओतलं होतं. गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी इंजेक्शन दिलं, चेन्नईला फोन लावला आणि म्हणाले, लगेच निघा, वाटेत तिला आडवं करू नका. सहा तास भावजय तिला मांडीवर बसती धरून होती. मी पुढच्या सीटवर होते. मागे वळून पाहायचं धाडस होत नव्हतं. प्रत्येक गतिरोधकाला तिचा श्वास ऐकू यायचा, छोटा, तुटका, आणि मला एवढंच वाटत होतं की तो थांबू नये. देवाला काय काय कबूल केलं ते सगळं आठवत नाही. त्यातलं एक आठवतं: ती वाचू दे, मी सगळ्यांना खरं सांगेन.

ती वाचली. बरगड्यांमध्ये पुन्हा नळी घातली, ऑपरेशननंतर मोठ्या कष्टाने निघालेली तीच नळी, त्याच बाजूला. नळी घालताना ती ओरडली तो आवाज मला ओळखू आला नाही. बाटलीत पिवळसर पाणी साठत गेलं. तिसऱ्या दिवशी गालांवरची सूज उतरली आणि आमची जुनी काटकुळी पोर परत दिसू लागली, तेव्हा डॉक्टरांनी भावाला बोलावून विचारलं, घरी एवढं प्यायला कोण देत होतं?

भाऊ बाहेर आला तो थेट बायकोवर. त्याचा आवाज चढला की कॉरिडॉरमधले लोक थांबून बघतात. "तुज सांगितलें होतें कीं न्हवे? कागद दिलता कीं न्हवे? आई हाय कां वैरीण?"

मी त्यांच्यापासून चार पावलांवर, बाकड्यावर होते. मांडीवर वही. भावजयीने आधी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबली. किती थांबली ते सांगता येणार नाही. समोर लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी चढलं, दार मिटलं, एवढा वेळ. मी वहीचा कोपरा दुमडत बसले. मग ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलें."

दातखीळ बसली म्हणतात ना, तसं काही झालं नव्हतं. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही.

संध्याकाळी नर्स ड्यूटीवर आली आणि रोजची वजनं बघायची म्हणून वही मागून घेतली. त्या इस्पितळात देवनागरी वाचणारं दुसरं कुणी नसावं, म्हणून तोवर ती वही सुरक्षित होती. तिने पानं उलटली. 'बरें', 'बरें', 'फार बरें'. मग पहिल्या पानावर आली आणि 'घट्ट — कितीही' वर तिचं बोट थांबलं. मी खिडकीबाहेर बघत होते.

"ताई, तुमच्याकडे पातळ म्हणजे काय?"

मी सांगितलं. दूधवाला सांगितला, डिग्री कॉफी सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, पातळ म्हणजे सगळे प्यायचे पदार्थ म्हणायचं होतं मला. चूक माझीच झाली. मी नीट फोड करून सांगायला हवं होतं." ती तशीच उठून भावाकडे गेली आणि त्यालाही हेच म्हणाली.

मी ते दोन्ही हातांनी घेतलं. भाऊ शांत झाला, बायकोशी नीट बोलू लागला. अरेरे, एका शब्दाने घात केला, असं म्हणाला. शब्द! शब्दाला काय, तो काही उलटून बोलत नाही. त्या दिवसापासून गुन्हेगार ठरला तो शब्द, आणि वर्षा-दोन वर्षांत भीती ओसरली तशी त्याची गोष्ट झाली. मी ती घोळवून सांगायला लागले, दूधवाल्याची नक्कल करून. देवाला दिलेला शब्द मात्र पार विसरले. शब्दांचंच चाललं आहे तर तोही सांगायला हवा.

गेल्या आठवड्यात गोविंदपुरम्‌च्या विठ्ठलाच्या देवळात भजन होतं. महाराष्ट्रातून आलेलं एक कुटुंब जेवायला आमच्या पंगतीत बसलं. त्यांनी विचारलं, तुम्ही इतकं जुनं मराठी बोलता तर कधी घोटाळे होत नाहीत का? मी तयारच होते. पातळाची गोष्ट सांगितली. त्यांना हसता हसता ठसका लागला. मी शेवटी भाचीकडे बोट केलं, "हीच ती!" भाची आता सतरा वर्षांची आहे, धावते, सायकल चालवते, वर्षातून एकदा तपासणीला जाते. तीही हसली. तोंडभर हसत नाही ती कधी, तशीच.

परतताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. ती बाहेर बघत म्हणाली, "आत्ये, अम्मा तुज मणाली होती कीं. कांजी, ताक, अस्कें मिळून मणून. मी तिथेंच होतें, दारांत."

मी काहीच बोलले नाही. सवय आहे.

"आणि मज नको असायचें. गळ्यापर्यंत यायचें."

"मग प्यालीस कां ग?" मी विचारलं. माझ्याच आवाजाची मला चीड आली. "मी काय मारणार होतें कां तुज?"

"मज न्हवे," ती म्हणाली. "मी नको मणालें कीं तूं अम्माला बोलायचीस. तिच्या लाडानें लेंकरूं असें झालें, मणून. मणून प्यायचें."

सात वर्षांची होती ती. उशी छातीशी धरून, आडवं होता येत नाही अशा अवस्थेत, आईला माझ्या तोंडापासून वाचवत टंबलरमागून टंबलर रिचवत होती. मी तिला शहाणी पोर म्हणत होते.

घरी आलो तेव्हा भावजय स्वयंपाकघरात दूध तापवत होती. या वेळी तिच्या मागे मी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "तूं मज सांगितलें होतेंस. दुधाचें. मी ऐकलें नाहीं. आणि चेन्नईंत बोललें नाहीं."

तिने दूध उतू जाण्याआधी आच कमी केली, पातेलं उतरवलं आणि फडक्याने ओटा पुसला. मग म्हणाली, "मज काय सांगतां, अक्का? मज ठाऊकच होतें. त्यांना सांगा."

भाऊ बाहेर झोपाळ्यावर तमिळ पेपर वाचत होता. मी त्याच्यापर्यंत गेले. त्याने पेपरावरून वर पाहून विचारलं, काय अक्का? मी म्हटलं, कांहीं नाहीं, कापी होते आहे.

म्हणून हे लिहायला बसले. चार दिवस लागले, काही गाळलं नाही, लिफ्टचं दारसुद्धा नाही. लिहून झालं तेव्हा जरा हलकं वाटलं. वही मी जेवणाच्या टेबलावर उघडीच ठेवून दिली आहे. भाऊ तिच्याशेजारी बसून जेवतो, भावजय ती उचलून टेबल पुसते आणि परत ठेवते. आमच्या घरात मराठी वाचता येणारी अजूनही मी एकटीच आहे.